मिरजेहून बार्शीस

संसाराचा भार मुलांच्या खांद्यावर गेल्यानंतर मनुष्याने वर्षातून एकदा तरी जुन्या स्नेह्यांच्या घरी जावे, आणि शक्य तर एकट्यानेच जावे, असे आमचे मत आहे. मंडळी बरोबर असली म्हणजे यजमानाकडे पुरणावरणाचा बेत ठरतो, मानपान निघतात, आणि ज्यासाठी आलो त्या गोष्टी बोलावयाच्या राहूनच जातात. एकटा म्हातारा आला तर त्याला पिठले-भात चालतो व ओसरीवर सतरंजी पुरते. तशात आमच्या मंडळींचे गुडघे हल्ली जिना पाहूनच दुखू लागतात, त्यामुळे हा प्रश्न घरात वाद न होता सुटला. वाद झाला तो मोटारीविषयी. चिरंजीवांचे म्हणणे, भाड्याची मोटार करून देतो. आम्ही म्हटले, निवृत्त मास्तराने मोटारीतून उतरावे आणि स्नेह्याच्या सुनेने घाईघाईने चांगल्या कपबश्या काढाव्यात, हे आम्हांस रुचणारे नाही.

यंदा जाण्यास कारणही तसेच होते. मॅट्रिकनंतर पाठशाळेत असताना आम्ही तिघे एका खोलीत राहत होतो. पुढे तिघेही मास्तरच झालो. एक मिरजेस, एक बार्शीस आणि आम्ही पुण्यास. दोघांच्याही घरी हे मासिक येते, म्हणून त्यांना येथे मिरजकर व बार्शीकर एवढेच म्हणतो. या दोघांचा चाळीस वर्षांचा पत्रव्यवहार संस्कृतात, आणि तोही श्लोकांत चाले. पाऊस किती झाला, ज्वारीचा भाव काय, नातीचे बारसे कधी, सारे अनुष्टुभात. आम्हांस ती हातोटी नाही. आमची उत्तरे मराठी गद्यात जात आणि दोघेही त्यावरून आमची थट्टा करीत. गेल्या दोन वर्षांत मात्र हा व्यवहार थांबला. मिरजकरांनी आम्हांस पत्रातून कळविले की, 'पाच पत्रे धाडली, एकाचेही उत्तर नाही. बार्शीकराने आम्हांस टाकलेले दिसते.' बार्शीकर आम्हांस दूरध्वनीवरून म्हणाले, 'आठ वेळा फोन केला. तो दोनदा कोण, कोण विचारतो आणि खाली ठेवतो. माझा आवाज त्याला नकोसा झाला.' दोघांचीही रात्रीची झोप उडाली होती, हे बोलण्यावरून कळत होते. असल्या गाठी तिसऱ्याने दुरून सोडविता येत नाहीत.

खर्चाविषयी दोन शब्द लिहितो, कारण आमच्या वयाचे वाचक प्रथम तेच विचारतील. साठी उलटलेल्या पुरुषास रेल्वे पूर्वी शेकडा ४० आणि ५८ वर्षांवरील स्त्रीस शेकडा ५० सवलत देत असे. २०२० च्या मार्चमध्ये ती बंद झाली; आम्हांस ती मोजून तीन वर्षे लाभली. उलट एस. टी. ६५ वर्षांवरील प्रवाशांस अर्ध्या तिकिटात नेते, आणि २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांस तर फुकट. तरीही आम्ही आगगाडीच पत्करतो. एस. टी.त नाही अशी एक सोय आगगाडीच्या डब्याच्या टोकास असते, आणि उतारवयात त्या सोयीचे मोल पैशांत करता येत नाही. असो. साध्या डब्याने पुणे, मिरज, बार्शी व परत पुणे, या साऱ्या तिकिटांचे मिळून तीनशे रुपयेही झाले नाहीत. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचा तांब्या होता.

पुणे-मिरज हा मार्ग ज्यांनी रात्री झोपेत काटला असेल त्यांनी तो एकदा दिवसा पाहावा. शिंदवण्याचा घाट चढून गाडी जेजुरीच्या माळावर येते, नीरा ओलांडते, आणि लोणंद सोडल्यावर आदर्कीच्या डोंगरात अशी वळणे घेते की खिडकीतून आपल्याच गाडीचे शेपूट दिसावे. पूर्वी महाबळेश्वरास जाणारी मंडळी वाठारला उतरून पुढे टांग्याने जात. १९७१ पर्यंत हा सारा लोहमार्ग मीटरगेज होता. लोणंदला एक बाई कांद्याची अर्धी गोणी घेऊन चढल्या व आमच्या पायाशी ती ठेवून म्हणाल्या, "बाबा, पाय वर घ्या, निवांत बसा." गोणीवर पाय ठेवून आम्ही कराडपर्यंत निवांत बसलो. कराडचे स्थानक ओगलेवाडीस आहे. ज्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात आमच्या वडिलांच्या पिढीने अभ्यास केला, तो येथलाच. पुढे किर्लोस्करवाडी. १९१० साली माळावर वसलेल्या या गावी नांगर व चरक झाले, आणि १९२० पासून एक मासिकही निघाले. वाचणाऱ्या घराला ते स्थानक आल्यावर मान वर करून पाहावेसे वाटतेच.

मिरजेस दार उघडले ते खुद्द मिरजकरांनी. आम्ही दोनदा हाक मारली, ते हसत राहिले, आणि मग कोनाड्यातून पाटी व खडू आणून आमच्या हाती दिला. कान पूर्ण गेले होते. "यंत्र घेतले होते रे," ते म्हणाले, "पण त्यातून भांड्यांचाच आवाज येतो, माणसांचा नाही." दुपारी घरी कोणी नसते. फोन थरथरला की तेच उचलतात, कोण म्हणून विचारतात व काही ऐकू आले नाही की ठेवून देतात. ही गोष्ट त्यांनी आम्हांसही लिहिली नव्हती. त्यांचे घर सतारमेकर गल्लीपासून जवळ आहे. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते ठाऊक असूनही आम्ही संध्याकाळी त्यांच्याबरोबर त्या गल्लीतून जाताना काही बोललो नाही. एका दुकानात तंबोरा जुळविणे चालले होते. मिरजकर आत गेले आणि त्यांनी भोपळ्यावर तळहात ठेवला. कारागीर ओळखीचा असावा. तो तार छेडीत राहिला. "पंचम अजून चढा आहे," मिरजकर म्हणाले. कारागिराने खुंटी पिळली. हे हाताला खरोखर कळते की चाळीस वर्षांच्या सवयीने ते तसे म्हणाले, हे आम्ही पाटीवर विचारले नाही.

रात्री त्यांनी बार्शीस द्यावयाचा एक नवा श्लोक आमच्याजवळ दिला. उत्तर आले नाही तर सहावे पत्र धाडणार नाही, असेही बजावले.

मिरज ते बार्शी या वाटेची कथा निराळीच आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने येथे अडीच फूट रुंदीची छोटी गाडी आणली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी, १९०६ साली पंढरपूरपर्यंत, १९११ साली लातूरपर्यंत आणि १९२७ साली मिरजेपर्यंत, असा हा बार्शी लाइट रेल्वेचा पसारा वाढला. (हेच गृहस्थ पुढे विमानातून उडी घेण्याच्या छत्रीचे संशोधन करीत बसले. आगगाडीवाल्याला ही बुद्धी कोठून झाली कोण जाणे.) आम्ही तरुणपणी या छोट्या गाडीने बार्शीस गेलो आहोत, चढावर ती इतकी दमे की मुले उतरून बोरे वेचून पुन्हा चढत. कुर्डुवाडी-लातूर मार्ग २००८ साली रुंद झाला, पंढरपूर-मिरज त्यानंतर दोन-तीन वर्षांत. कवठे महांकाळ, जत रोड, सांगोला हा सारा प्रदेश पावसाच्या मर्जीवरचा. २०१६ च्या एप्रिलात याच रुळांवरून मिरजेचे पाणी लातूरला गेले. पहिल्या गाडीस १० टाक्या होत्या व त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पंढरपूर आले तेव्हा शेजारचा शेतकरी सांगत होता की तंबोऱ्याचे भोपळे याच भागातून मिरजेस जातात. ते खायला कडू, म्हणून जनावरही तोंड लावीत नाही.

बार्शीस भगवंताच्या देवळावरून जाऊन आम्ही वाड्यात शिरलो व उंबऱ्यात खोकलो. "आलास?" आतून बार्शीकर म्हणाले. "वहिनींचे गुडघे काय म्हणतात?" ते उठले, भिंतीला हात लावीत आले आणि आमचा चेहरा चाचपून हसले. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. दूरध्वनीवर बोलताना आम्हांस हे कळणार कसे? मिरजेस कळवावयाचे नाही, अशी त्यांनी घरात ताकीद दिली होती. श्लोकांतून कीव आलेली त्यांना सोसली नसती. मिरजकरांची पाचही पत्रे उशाखाली होती. मुलाने एक वाचून पाहिले, पण संस्कृत न शिकलेल्या माणसाने सलग लिहिलेला श्लोक वाचला म्हणजे त्याचे जे होते ते झाले. दोन ओळींनंतर यांनीच ते थांबविले.

"तो बहिरा झाला आहे," आम्ही म्हटले.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. "म्हणजे मी आठ वेळा त्याला..." एवढेच म्हणून त्यांनी उशीखालून पत्रे काढली. आम्ही ती पाचही वाचली, आणि सहावा श्लोकही. तिसऱ्या पत्रात एके ठिकाणी वृत्त चुकले होते, ते त्यांनी तत्काळ पकडले व त्या आनंदात दोन वेळा चहा मागविला.

आम्ही आज वाचले, उद्या कोण वाचणार? त्यांची नात यंदा आठवीत आहे आणि शाळेत तिने संस्कृत घेतले आहे. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ आम्ही तिला पुढे बसवून त्याच पत्रांवर संधी सोडवावयास शिकविले. मुलगी हुशार आहे, पण ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष नाही. मोठ्या आवाजात अडखळत वाची, आणि आजोबा खाटेवरून पदच्छेद सांगत. निघण्याच्या दिवशी त्यांनी उत्तराचा श्लोक सांगितला. तो तिने पन्नास पैशांच्या कार्डावर स्वतःच्या हाताने लिहिला, विसर्ग दोन ठिकाणी विसरली, ते आम्ही घातले. आपले डोळे गेल्याची गोष्ट बार्शीकरांनी तिसऱ्या चरणात घातली होती, आणि चौथ्यात मिरजकरांच्या वृत्तभंगाची.

कार्ड आम्ही कुर्डुवाडीस गाडी बदलताना पेटीत टाकले. ते पाचव्या दिवशी पोहोचल्याचे मिरजेच्या सूनबाईंनी कळविले. उत्तर त्याच दुपारी धाडले असून अक्षर मोठे व शब्द सुटे सुटे लिहिले आहेत, असेही त्या म्हणाल्या.