दार वाजवलं, म्हणजे परवानगी मिळाली?

परगावी मुक्काम करायची वेळ आता प्रत्येक कुटुंबावर येते. मुलीची प्रवेशपरीक्षा, मुलाची मुलाखत, नात्यातलं लग्न, देवदर्शन, नाहीतर घरातल्या आजारी माणसाला मोठ्या शहरातल्या डॉक्टरांकडे नेणं. पूर्वी अशा वेळी कुणा नातेवाइकाचं घर असायचं किंवा धर्मशाळा. आता आपण हॉटेलात उतरतो. खोली बघताना चादरी स्वच्छ आहेत का, गिझर चालतो का, भाड्यात नाश्ता धरलाय का, हे सगळं विचारतो. पण ज्या दाराआड आपण झोपणार, त्याची कडी लागते का, हे किती जण बघतात?

नोकरीनिमित्त मला वर्षातून सात-आठ वेळा एकटीने बाहेरगावी राहावं लागतं. काही वर्षांपूर्वी जयपूरच्या एका मध्यम दर्जाच्या हॉटेलात उतरले होते. खोलीत शिरल्याबरोबर लक्षात आलं, की दाराला आतून कडी आहे, पण ती अडकवायचा कोयंडा चौकटीतून निखळलाय. लगेच खाली फोन केला. ‘सुतार येईल, मॅडम,’ असं उत्तर मिळालं. सुतार काही आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आंघोळ करून साडी नेसत होते. दारावर दोनदा टकटक झाली आणि ‘कोण आहे?’ असं विचारेपर्यंत दार उघडलंसुद्धा! हातात टॉवेलांची चळत घेतलेला विशीचा एक मुलगा दारात उभा. माझ्याइतकाच तोही घाबरला आणि दार ओढून पळाला.

मी मॅनेजरकडे गेले. तो अदबीने म्हणाला, ‘‘मॅडम, आमची सगळी मुलं भरवशाची आहेत. आणि त्याने नॉक केलं होतं ना?’’

हे उत्तर ऐकून मात्र माझा राग दुप्पट झाला. मुलगा भरवशाचा नाही, असं मी म्हटलंच नव्हतं. आमच्या घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. वीस वर्षांचा भरवसा आहे. तरी आम्ही घरात असताना काकूंनी ती किल्ली एकदाही लावलेली नाही. त्या बेल वाजवतात आणि थांबतात. भरवसा वेगळा, परवानगी वेगळी. दार वाजवणं म्हणजे विचारणं. उत्तराची वाट बघायची नसेल, तर विचारायचं तरी कशाला?

संध्याकाळी तो मुलगा माफी मागायला आला. चार वाजेपर्यंत सोळा खोल्या उरकायच्या असतात. बहुतेक पाहुणे दुपारी बाहेरच असतात. वाजवल्यावर किती थांबायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मॅनेजर त्याला कामावरून काढायला निघाला होता. मी म्हटलं, त्याला काढू नका, आधी कोयंडा बसवा. आणि ‘वाजवा, नाव सांगा, थांबा, पुन्हा वाजवा’ एवढं सगळ्यांना शिकवा.

हा प्रश्न फक्त लहान हॉटेलांचा आहे, असं समजू नका. ऑक्टोबर 2022 मध्ये टी-20 विश्वचषकासाठी भारतीय संघ ऑस्ट्रेलियात पर्थला होता. विराट कोहली खोलीत नसताना कुणीतरी आत जाऊन त्याच्या कपड्यांचं, बुटांचं चित्रीकरण केलं आणि ते जगभर पसरलं. कोहलीने जाहीर नाराजी व्यक्त केली, हॉटेलने माफी मागितली. एवढ्या बंदोबस्तातल्या खेळाडूची ही कथा, तर आपली काय?

कार्डाची कुलपं आल्यापासून आपण जास्त सुरक्षित झालो, असं वाटतं. ते पूर्ण खरं नाही. मार्च 2024 मध्ये काही संशोधकांनी ‘सॅफलॉक’ नावाच्या कुलपांतली त्रुटी जाहीर केली. बनावट कार्डांनी ही कुलपं उघडता येत होती आणि अशी दारं 131 देशांत मिळून तीस लाखांहून अधिक होती. आतून फिरवायचा खटकाही अशा कार्डाने मागे घेता येऊ शकतो, म्हणून दाराला साखळी असेल तर ती लावा, असा त्यांनी सल्ला दिला. म्हणजे एवढं तंत्रज्ञान पुढे जाऊन शेवटी आजीच्या वेळची साखळीच कामाला आली!

हॉटेलकडे प्रत्येक खोलीची चावी असणं मात्र गरजेचं आहे. आग लागली, पाहुणा आत बेशुद्ध पडला, तर दार उघडायलाच हवं. 2017 मध्ये अमेरिकेतल्या लास व्हेगासला एका माणसाने हॉटेलच्या 32 व्या मजल्यावरच्या खोलीतून खालच्या गर्दीवर गोळीबार केला. त्यानंतर तिथल्या काही हॉटेलांनी खोली फार काळ बंद राहिली तर आत डोकावायचे नियम केले. ते समजण्यासारखं आहे. पण टॉवेल बदलणं म्हणजे आग विझवणं नव्हे.

शिवाय हा नियम पाळण्यात कर्मचाऱ्याचंही भलं आहे. एखादी वस्तू हरवली, की पहिला संशय सफाई करणाऱ्यावर जातो. खोली झाडायला एकटीने जाणाऱ्या बाईला पाहुण्याकडून त्रास होतो, तोही काही थोडा नाही. म्हणूनच शिकागो शहराने 2017 मध्ये कायदा करून अशा कर्मचाऱ्यांना धोक्याच्या वेळी मदत मागवायचं बटण देणं हॉटेलांवर बंधनकारक केलं. पाहुण्याने ‘या’ म्हटल्यावरच आत जायचं आणि काम होईतो दार सताड उघडं ठेवायचं, यात दोघांचीही अब्रू राखली जाते.

आता मी खोलीत गेले, की सामान ठेवून घेणाऱ्या मुलासमोरच कडी, साखळी आणि खिडकीची खिट्टी लावून बघते. लागत नसेल, तर खोली बदलून मागते. दारावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी लावते. रिसेप्शनवर सांगते, की माझा खोली नंबर चारचौघांत मोठ्याने उच्चारू नका आणि कुणालाही देऊ नका. मी मागवलेलं नसताना कुणी काही घेऊन आलं, तर दार न उघडता खाली फोन करून खात्री करते. खऱ्या कर्मचाऱ्याला याचा राग येत नाही.

आणि कुणी चोरून पाहिलं किंवा चित्रण केलं, तर गप्प बसू नका. कपडे बदलताना किंवा तशाच खासगी क्षणी बाईला न कळत बघणं वा चित्रित करणं हा गुन्हा आहे. 2013 पासून तो भारतीय दंड संहितेत होता; 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये आहे. पहिल्याच गुन्ह्याला किमान एक आणि कमाल तीन वर्षांचा कारावास होऊ शकतो. मॅनेजरशी वाद घालण्यात वेळ न दवडता 112 फिरवावा.

बायका अशा प्रसंगानंतर बहुधा घरीसुद्धा बोलत नाहीत. ‘पुढच्या वेळी एकटीला पाठवणार नाहीत’ ही धास्ती असते. म्हणून घरातल्या मोठ्यांना सांगावंसं वाटतं, की लेकीसुनांचा प्रवास बंद करू नका. त्यांच्या खोलीची कडी लागते ना, ते विचारा. गरम पाणी किती वाजता येतं, हे आपण काउंटरवर न लाजता विचारतोच. त्याच दमात ‘दाराला आतून साखळी आहे ना? आणि तुमची माणसं दार वाजवल्यावर थांबतात ना?’ हेही विचारत जा. चार पाहुण्यांनी विचारलं, की पाचव्यासाठी सुतार आपणहून येईल.