गाव नसलेला पत्ता

पत्ता लिहायला कोणी सांगितले की मी मनातून सुखावतो. माझे अक्षर बरे आहे, एवढेच त्याचे कारण नव्हे. नाव, घर, गल्ली, गाव, जिल्हा अशा पायऱ्या उतरत गेले की ते माणूस नेमके कोठे आहे हे हाताला कळते. आणि हाताला कळले की मनालाही धीर येतो. पण गेल्या दिवाळीआधी मार्कंड्याच्या एका मावशींनी माझ्यापुढे एक खोके ठेवले, आणि त्यावर पत्ता लिहिताना माझा हात अडखळला.

मावशींचा धाकटा मुलगा माझा विद्यार्थी. नौदलाच्या भरतीचा अर्ज त्याने माझ्याच टेबलाशी बसून भरला होता. ओडिशातल्या आय. एन. एस. चिल्का येथे त्याचे शिक्षण झाले आणि तो एका युद्धनौकेवर रुजू झाला. गडचिरोलीच्या रानात वाढलेला, वैनगंगेच्या डोहाखेरीज मोठे पाणी न पाहिलेला पोरगा! गावाने पेढे वाटले, माझ्याही गळ्यात हार घातला. त्या हाराचे ओझे मला त्या दिवशी जाणवले नाही. खोके समोर आले तेव्हा जाणवले.

खोक्यात पातळ पोह्यांचा चिवडा होता, चकल्या होत्या, करंज्या, मोहफुलांचे लाडू, जवसाची चटणी आणि कागदाच्या पुडीत मार्कंडेश्वराचे भस्म. मी शहाणपणा करून म्हटले, "मावशी, करंज्या नकोत. खोबरे खवट होईल." त्यांनी करंज्या काढल्या, आणि माझी पाठ वळताच दोन परत ठेवल्या.

"लिहा जी सर, पत्ता," असे म्हणून त्यांनी मुलाची चिठ्ठी पुढे केली. तीत त्याचे नाव, हुद्दा, क्रमांक, जहाजाचे नाव आणि शेवटी 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' एवढेच होते.

"म्हणजे तो मुंबईत आहे का जी?"

मी समजावू लागलो. टपाल आधी मुंबईला गोळा होते. जहाज ज्या बंदराला लागेल तेथे ते त्याला गाठते. जहाज कोठे आहे हे शत्रूला कळू नये, म्हणून पत्त्यात ठिकाण घालायचे नसते.

मावशी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "शत्रूले नको कळू द्या जी. पण मायले?"

इतकी वर्षे मराठी शिकवतो, पण या दोन शब्दांना मजजवळ उत्तर नव्हते. मला आठवत होती ती 'खुक्री'. १९७१ च्या ९ डिसेंबरला दीवजवळच्या समुद्रात ती टॉर्पेडो लागून बुडाली आणि तिच्याबरोबर १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. त्यांच्याही घरी कोणी डबे भरले असतील, कोणी पत्ते लिहून दिले असतील. हे मी मावशींना सांगितले नाही. सुतळीची गाठ मात्र नको तितकी घट्ट मारली.

समुद्रावरच्या माणसाला खाऊ धाडण्याची ही ओढ काही आपलीच नव्हे. १९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरी यांच्या नावाने निधी जमवून आघाडीवरच्या सैनिकांना आणि समुद्रावरच्या नौसैनिकांना पितळी डब्या पाठवल्या गेल्या. बहुतेकांच्या डबीत तंबाखू आणि सिगारेटी होत्या. शीख शिपायांसाठी मात्र खडीसाखर आणि मसाले. त्या नाताळात चार लाखांहून अधिक डब्या पोहोचल्या आणि कितीतरी मागाहून गेल्या. राजकन्येच्या डब्या जिथे उशिरा पोहोचतात, तिथे मावशींच्या खोक्याची काय कथा!

दिवाळी आली आणि गेली. किनारा सुटला की फोनही मुका होतो. मावशी रोज संध्याकाळी देवळामागे नदीशी जाऊन बसत. आमची वैनगंगा तेथे उत्तरेकडे वळते. पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, गोदावरीत शिरते आणि अखेर बंगालच्या उपसागराला मिळते. हे मी एकदा त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग हे पाणी जाते जी त्याच्याकडे." नौका कोणत्या समुद्रात आहे याचा आम्हां दोघांनाही पत्ता नव्हता, पण मी दुरुस्ती केली नाही. मार्कंडेय ऋषी प्रलयाच्या पाण्यावर एकटेच भटकत होते, ही भागवतातली कथा मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. त्यांच्या आईचे त्या काळात काय झाले असेल, हा प्रश्न मात्र मला तेव्हाच प्रथम पडला.

डिसेंबरात एका रात्री फोन आला. खोके मिळाले होते. चकल्यांचा भुगा झाला होता. तो चिवड्यात कालवून साऱ्यांनी फस्त केला. चटणी त्याने लपवून ठेवली होती. दोन करंज्या खवट झाल्या होत्या, तरी खाल्ल्या. "आणि सर," तो म्हणाला, "डब्याभोवती गुंडाळलेलं मराठी वर्तमानपत्र तीनदा वाचलं. निविदासुद्धा!"

यंदाही खोके आले आहे. या खेपेस वर्तमानपत्र मावशींनी मुद्दाम चार घड्या जास्त घातले आहे. मी नाव लिहिले, क्रमांक लिहिला, जहाज लिहिले. तोच मावशी वाकून म्हणाल्या, "खाली आपला पत्ता लिहा जी. गाव ठळक काढा."

त्याच्या पत्त्यात गाव नसते, हे खरे. म्हणूनच पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ते असावे लागते. मी मोठ्या अक्षरांत लिहिले: मार्कंडा.