कापायचंय की तापवायचंय?

गेल्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या शेडमध्ये गॅस नव्हता. वेल्डिंग मशीन होतं, दोन ग्राइंडर होते, ड्रिल होतं आणि मधोमध छातीएवढा खोल खड्डा होता. वर ट्रॉली उभी करायची आणि आपण खड्ड्यात उतरून खालून काम करायचं. हा खड्डा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या जन्माआधी स्वतः खणला. त्यांचं निम्मं आयुष्य त्यातच गेलं. आता गुडघे गेले, उतरता येत नाही. तरी रोज सकाळी ते काठावर खुर्ची टाकून बसतात.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात. कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाची पत्रिका गावात फिरली की सगळ्यांना एकदम आपापल्या ट्रॉलीचं दुखणं आठवतं. कुणाची चॅसी तडकलेली, कुणाची ट्रॅक्टरला जोडायची दांडी वाकलेली, कुणाची पिन गंजून अशी बसलेली की घणाला दाद देत नाही. मी आयटीआय करून सहा वर्षं चाकणला काढली आणि परत आलो. तिथे वेल्डिंग रोबो करायचा, मी त्याच्याकडे बघायचो. गावात रोबो नाही. बारा एमएमची प्लेट ग्राइंडरने कापताना चाकामागून चाक संपायचं. वाकलेली दांडी आली की गिऱ्हाईकाला तालुक्याला पाठवायचो. तो तिकडे गेला की बाकीचं कामही तिकडेच करून यायचा.

म्हणून ठरवलं, गॅस घ्यायचा. हाताशी बावीस हजार होते. मोबाईलवर पंधरावीस व्हिडिओ बघितले आणि ज्याच्या हातातला कटर सर्वांत चकचकीत होता, तोच घ्यायचा असं मनात पक्कं केलं.

नशिबाने खरेदीआधी कुपवाडला मामांकडे गेलो. ते माझे सख्खे मामा नाहीत. भंगाराच्या यार्डात तीस वर्षं लोखंड कापणाऱ्या माणसाला सगळेच मामा म्हणतात. मी फोटो दाखवला. त्यांनी बघितलासुद्धा नाही.

"कापायचंय का तापवायचंय?"

"दोन्ही."

"दोन्ही म्हणणाऱ्याचं एकच जास्त असतंय. कुठलं, ते सांग."

मी दिवसभरातली कामं बोटांवर मोजली. कापणं रोजचं होतं, पण जाड नव्हतं, सहा ते बारा एमएम. गिऱ्हाईक परत जायचं ते तापवण्यावाचून. मामा म्हणाले, मग कटर राहू दे बाजूला, आधी गॅस ठरव.

मला वाटत होतं गॅस म्हणजे ॲसिटिलीनच. आयटीआयत तेच शिकवलं होतं. अण्णांच्या काळात तर कार्बाइडची टाकी असायची. कार्बाइडवर पाणी पडलं की गॅस तयार, आणि उरलेल्या पांढऱ्या गाळाने भिंती सारवायच्या. आमच्या शेडच्या भिंती कितीतरी वर्षं त्याच चुन्याने पांढऱ्या होत होत्या आणि पावसाळ्यात त्यांना तो लसणासारखा उग्र वास सुटायचा. आज ॲसिटिलीन तयार सिलेंडरमध्ये मिळतं, पण ते इतर गॅससारखं नुसतं दाबून भरता येत नाही. साधारण एक बारच्या वर मोकळ्या ॲसिटिलीनचा भरवसा नाही, ऑक्सिजन नसतानाही ते आपणहून फुटू शकतं. म्हणून त्या सिलेंडरच्या पोटात स्पंजासारखा सच्छिद्र पदार्थ असतो, तो ॲसिटोनने भिजवलेला असतो आणि गॅस त्या ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवलेला असतो. सोडा वॉटरच्या बाटलीसारखं. बाटली घाईने उघडली की काय होतं, ते आपण जाणतोच. इथेही गॅस भराभर ओढला की ॲसिटोन सोबत बाहेर येतं. जुना नियम असा की तासाला सिलेंडरच्या सातव्या हिस्स्यापेक्षा जास्त गॅस ओढायचा नाही. आता दहावा हिस्साच धरा म्हणतात.

मामांनी खडूने पत्र्यावर हिशेब मांडला. सात घनमीटरचा सिलेंडर, म्हणजे तासाला एक घनमीटर. कापताना एवढ्यात भागतं, कारण कटरची तापवणारी ज्योत छोटी असते. एकदा लोखंड लालभडक झालं की पुढचं काम ऑक्सिजनची धार करते. ती लोखंड वितळवत नाही, अक्षरशः जाळते. पण दांडी तापवायला बंबासारखी मोठी ज्योत लागते. त्या मोठ्या हीटिंग नोझलला तासाला कितीतरी घनमीटर गॅस हवा. एका सिलेंडरवर ते लावणं म्हणजे घागरीला पंप लावण्यातला प्रकार. तीनचार सिलेंडर एकत्र जोडणं मला परवडणारं नव्हतं.

राहिला एलपीजी. त्याची ज्योत ॲसिटिलीनपेक्षा थंड, म्हणजे तीन हजारांऐवजी अठ्ठावीसशे अंशांच्या घरातली. कापायला सुरुवात करताना थोडं जास्त थांबावं लागतं आणि लोखंडाचं गॅस वेल्डिंग त्यावर होत नाही. पण वेल्डिंगला माझ्याकडे मशीन होतं. तापवायला एलपीजी उत्तम, कारण त्याची उष्णता ज्योतीच्या टोकात अडकून न राहता बाहेरच्या मोठ्या पिसाऱ्यात पसरते. फक्त ऑक्सिजन भरपूर खातो. ॲसिटिलीनला साधारण सव्वापट ऑक्सिजन नळीतून द्यावा लागतो, याला चौपट. गॅसमध्ये वाचलेले पैसे काळ्या सिलेंडरमध्ये जातात, हे व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं.

एलपीजी ठरल्यावर बाकीच्या गोष्टी आपोआप ठरत गेल्या. नोझल एलपीजीचंच, दोन तुकड्यांचं. ॲसिटिलीनचं नोझल त्याला चालत नाही. नळीही एलपीजीसाठी बनवलेली, कारण हा गॅस काही रबरं हळूहळू खातो. रेग्युलेटर दाब कमीजास्त करता येणारा, स्वयंपाकघरातला नव्हे. सिलेंडर एकोणीस किलोचा व्यावसायिक. "घरातलाच लाल लाव की, कोण बघतंय" असं निदान सहा जणांनी सांगितलं. घरचा सिलेंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे, हे त्या सहाही जणांना माहीत होतं.

बेरीज केली तेव्हा बावीस हजार जवळजवळ संपत होते. अजून मोठं हीटिंग नोझल राहिलं होतं आणि फ्लॅशबॅक अरेस्टर राहिले होते. चार लागतात, दोन रेग्युलेटरपाशी, दोन टॉर्चपाशी. मी मामांना म्हणालो, अरेस्टर पुढच्या महिन्यात घेतो.

मामांनी शर्टाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी गुळगुळीत होती, केस नसलेली, नव्या नाण्यासारखी चकाकणारी. नोझल प्लेटला टेकलं, फट् झालं, ज्योत दिसेनाशी झाली आणि टॉर्चच्या आतून शिट्टी वाजायला लागली. आग उलटी आत शिरली होती. "आधी ऑक्सिजन बंद, मग गॅस. ठाऊक होतं मला. पण शिट्टी कसली हाय हे बघत बसलो." तेवढ्यात हाताशी नळी फुटली. आमचं बोलणं तिथेच संपलं. मी छोटं नोझल आणि चारही अरेस्टर घेतले. मोठं नोझल दिवाळीनंतर घेतलं.

निघताना त्यांनी विचारलं, शेड कशी आहे? मी सांगितलं, तीन बाजूंनी भिंत, एक बाजू मोकळी, मध्ये खड्डा.

"खड्डा?"

एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवरून सरकत सखल जागेत साचतो. रात्री एखादी चावी अर्धवट राहिली, तर सकाळी खड्डा काठोकाठ भरलेला असेल आणि डोळ्यांना काहीही दिसणार नाही. वास येतो, पण खाली उतरणाऱ्याला उशिरा. वरून कुणी ग्राइंडर लावला की झालं. एलपीजी आणि खड्डा एका छपराखाली नको, असं मामांनी स्पष्ट सांगितलं.

दोन दिवस मी घरी हे बोललोच नाही. ॲसिटिलीन हवेपेक्षा जरासं हलकं असतं, म्हणून पुन्हा तो हिशेब मांडून बघितला, कुठे जमतंय का. जमलं नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "इतकी वर्षं त्यात कुणी मेलं नाही." मी म्हणालो, तेव्हा एलपीजी नव्हता. ते उठून घरात गेले. जेवायला बसले तेव्हा म्हणाले, "ट्रॉलीखाली काम कसं करणार?" त्याचं उत्तर माझ्याकडे खरंच नव्हतं. शेवटी ट्रॉली चढवायला दोन लोखंडी रॅम्प बनवले. त्यात आणखी पैसे गेले, आणि खाली उताणं झोपून काम करताना अजूनही मान दुखते. खड्ड्याइतकं सोयीचं ते नाहीच. अण्णा ते रोज एकदा बोलून दाखवतात.

मुरूम आणायला मी चुलतभावाचा ट्रॅक्टर घेतला. खड्डा भरायला एक सकाळ लागली. अण्णा त्या सकाळी शेडकडे फिरकले नाहीत.

पहिली दांडी आली ती शेजारच्या गावची. सिलेंडर उभे करून साखळीने बांधले, दोन्ही एकमेकांपासून लांब. हात आधी साबणाने धुतले, कारण ग्रीसचा हात ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला लागायला नको. ट्रॉलीच्या कामात हात ग्रीसने माखलेलेच असतात, त्यामुळे हे मी अजूनही विसरतो आणि अर्ध्यातून परत येतो. सगळी जोडणी झाल्यावर बघतो तर अण्णा मागे उभे. त्यांच्या हातात आईची भांड्यांच्या साबणाच्या पाण्याची बाटली होती. त्यांनी खाली बसता येत नसताना कसंबसं वाकून एकेका सांध्यावर फेस सोडला आणि चष्मा कपाळावर ढकलून बुडबुडा येतो का ते बघत राहिले. एलपीजीच्या नटाला उलटे आटे का, असं विचारलं. चुकून ऑक्सिजनची नळी तिथे बसू नये म्हणून, मी सांगितलं. "हुशार," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

तिसऱ्या सांध्यावर बारीक फेस फुगला. त्यांनी बोट दाखवलं आणि पाना माझ्या हातात दिला.