आजीचा तळहात

चांदूर रेल्वेहून पहाटेच्या गाडीने बडनेऱ्याकडे निघून रविवारची मिस्सा गाठावयाची, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. डब्यात आजीच्या हाती जपमाळ असे आणि पोटात पाण्याखेरीज काही नसे. कम्युनियनपूर्वीचा उपवास १९६४ साली एका तासावर आला, हे तिला ठाऊक होते. पण तासाभराच्या उपवासास ती उपवास मानीत नसे.

वेदीपुढे मात्र आमचे व तिचे जमत नसे. ती गुडघे टेकून जिभेवर ख्रिस्तशरीर स्वीकारी. आम्ही उभ्याने, तळहातावर. एकदा आम्ही मोठ्या शहाणपणाने म्हटले, "आजी, हात काय नि जीभ काय, दोन्ही देवानेच दिलेली." ती म्हणाली, "ह्या हातानं शेण काढलं, कापूस येचला. फादरच्या हाताले दीक्षेचं तेल लागलं हाये. माह्या हाताले काय लागलं?" आम्ही निरुत्तर झालो.

पुढे ग्रंथ चाळताना आम्हांस वाटले, उत्तर सापडले. चौथ्या शतकातील यरुशलेमचे धर्माध्यक्ष संत सिरिल यांच्या नावे असलेल्या प्रवचनांत नवदीक्षितांस सांगितले आहे की, डावा हात उजव्याखाली सिंहासनासारखा धरावा, कारण त्यावर राजा यावयाचा आहे. आणि हाती सोन्याचे कण असता जितके जपाल, त्याहून अधिक या कणांस जपावे. म्हणजे आमचीच रीत जुनी! जिभेची रीत मागाहून रूढ झाली व शतकानुशतके टिकली. पोप सहावे पॉल यांनी जगभरच्या धर्माध्यक्षांचे मत मागविले, तेव्हा हातावर देण्यास १२३३ जणांनी नकार दिला, ५६७ जणांनी होकार, आणि ३१५ जणांनी अटी घालून होकार. म्हणून २९ मे १९६९ च्या आदेशपत्राने जिभेचीच रीत कायम ठेविली. मात्र जेथे हातावर घेण्याची चाल पडली होती, तेथील धर्माध्यक्षांस दोन-तृतीयांश मतांनी ठराव करून रोमची संमती मिळविण्याची वाट मोकळी ठेविली. त्या वाटेने ही रीत देशोदेशी पसरली. २००४ साली रोमने पुन्हा बजाविले की, जिभेवर घेण्याचा भाविकाचा हक्क सदैव आहे.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे देवालये मिटली. महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबरला उघडली. रेल्वेच्या साध्या गाड्या बंद, म्हणून आम्ही एस. टी.ने गेलो. तेथे सूचना होती, की सर्वांनी हातावरच घ्यावे. आजी बाकावरून उठली नाही. दुसऱ्या रविवारी नाही, तिसऱ्याही नाही. वादात आमची सरशी झाली होती, आणि आम्हांस तिची लाज वाटत होती.

घरी आम्ही तिला सिरिलचे सांगणे ऐकविले. या वेळी जिंकण्यासाठी नव्हे. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे शेजारच्या काकू तीर्थ घेतात, तसं?"

चौथ्या रविवारी ती रांगेत आली. आम्हांस डावा तळहात वर धरून उजव्या हाताने उचलावयास शिकविले होते. तिने उजवा वर धरिला. डाव्या हातावर देवास घेणे तिच्याने झाले नसते. "आमेन" म्हणून तिने बोटांनी काही उचलले नाही. मान लववून तळहातासच ओठ लाविले, आणि मग तळहात उन्हाकडे फिरवून निरखून पाहिला.

परतीच्या एस. टी.त तिची उजवी मूठ मिटलेलीच होती. कोणास डाव्या हाताने काही दिलेले तिला खपत नसे. पण कंडक्टरने तिकिटाचे पैसे मागितले, तेव्हा तिने ते डाव्याच हाताने पुढे केले.