धुळ्याची वाट

मैत्री जुळते सहज, निभावणे कठीण, असे आपण नेहमी म्हणतो. त्याचा अर्थ आम्हां उभयतांना मात्र उतारवयात कळला.

धुळ्याचे एक कुटुंब आमच्या घरोब्याचे. आम्ही जळगावचे, पण नाताळची आणि ईस्टरची भेट कधी चुकली नाही. आमच्या लेकीचे लग्न ठरले आणि आम्ही कर्ज काढून थाटमाट करायला निघालो. तेव्हा तिथल्या भाऊंनी आम्हांला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितले, "लोकांना दाखवण्यासाठी कर्ज काढू नका. पोरीला आशीर्वाद पुरे." तो शब्द आम्हांला झोंबला. पुढे कर्ज फेडता फेडता तीन वर्षे गेली आणि त्या तीन वर्षांत आम्ही धुळ्याची वाट धरली नाही. भाऊंचे म्हणणे खरे ठरले, म्हणूनच तोंड दाखवणे अधिक जड झाले.

प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांना सेवक न म्हणता मित्र म्हटले, ते पित्याकडून ऐकलेले काहीही त्यांच्यापासून लपवले नाही म्हणून. म्हणजे सत्य न लपवणे ही मैत्रीची खूणच होय. नीतिसूत्रांचा ग्रंथही शत्रूच्या लाडीगोडीहून मित्राचा घाव मोलाचा मानतो. हे सारे आम्ही वाचलेले होते; पचवलेले नव्हते.

आमच्या जळगावच्या भूमीशी अशाच एका मैत्रीची आठवण निगडित आहे. १९०७ साली येथे कविसंमेलन भरले. धरणगावी जन्मलेल्या कोवळ्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना तेथे 'बालकवी' ही पदवी मिळाली. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्यांना अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतले. टिळक ख्रिस्ती, ठोंबरे हिंदू. शिवाय स्वभावाने अतिशय हळवे आणि रुसणारे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त ते रुसवे मोठ्या मायेने टिपले आहेत. त्या घराने त्यांचा राग सोसला, पण त्यांना अंतर दिले नाही. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकाशी रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. भुसावळला जाताना भादली आले की मनात येते, रुसायला माणसाच्या हाती वेळ तरी किती असतो!

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यातील शुक्रवारी मिस्सामध्ये शुभवर्तमान वाचले गेले: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. शांतीची खूण देताना आम्ही शेजाऱ्यांना हात जोडले खरे, पण एकमेकांकडे पाहवेना. दुसऱ्याच दिवशी आम्ही एस.टी.त बसलो. एरंडोल गेले, पारोळा गेले. बोलणे कुणालाच सुचेना.

दार उघडेच होते. भाऊ काठी टेकत पुढे आले. त्यांच्या आजारपणाची आम्हांला वार्ताही नव्हती. आम्ही कुणाला विचारलेच कुठे होते? आम्ही क्षमेचा शब्द जुळवत उभे होतो, तोच ते म्हणाले, "या. उशीर केलात." आणि आत वळून वहिनींना हाक दिली, "कळण्याच्या भाकरी टाका, जळगावची मंडळी आली आहेत."

विश्वासू मित्र परमेश्वराचे भय बाळगणाऱ्याला लाभतो, असे बेन सिरा सांगतो. आम्हांला तो आमच्या योग्यतेवाचूनच लाभला होता. वाचकहो, तुमचीही अशी एखादी वाट राहिली असेल, तर ईस्टरची वाट पाहू नका.