बोटाजोगी नखी

बदलीवर निघालेल्या माणसाचे बहुतेक सामान मालमोटारीतून जाते. पण एखादी वस्तू अशी असते की तो ती खिशात घालूनच नेतो. बंगळूरला येताना माझ्या खिशात सतारीची नखी होती. १९८८ साली, नोकरीच्या पहिल्या वर्षी, मी मिरजेहून सतार आणली, तिच्याबरोबर मिळालेली. फरीदसाहेब सतारमेकरांनी एकोणिसाव्या शतकात त्या गावात हा व्यवसाय रुजविला आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही लाभले. नखीला मात्र कसले मानांकन! पोलादी तारेचा एक वेढा, पुढे चोच, संपली वस्तू. गुरुजींनी ती माझ्या तर्जनीवर चढविली, पकडीने किंचित दाबली आणि म्हणाले, "आता हिला विसरा."

पुढली कित्येक वर्षे मी तिला खरोखरच विसरलो होतो. गेल्या हिवाळ्यात ती एकाएकी आठवण करून देऊ लागली. पाच मिनिटे वाजविले की बोटाचे टोक बधिर होई. सैल करावी तर 'दा' नीट उमटे आणि 'रा' घेताना नखी बोटाभोवती फिरे. मी निष्कर्ष काढला की नखी झिजली. तेव्हा अगदी तशीच दुसरी मिळविणे, एवढेच काम उरले.

त्यासाठी बळेपेटेत गेलो. एके काळी बांगड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या पेठेत आता वाद्यांची दुकाने आहेत. दुकानदाराने पत्र्याचा एक डबा माझ्यापुढे उपडा केला. मी जुनी नखी हातात धरून तासभर तिची जुळी बहीण शोधीत बसलो. सात नख्या घेतल्या. जाड तारेची आवाज भरदार देई, पण द्रुत गतीत अडखळे; बारीक तारेची चपळ, पण बाजाच्या तारेवर तिचा आघात कोता वाटे. चोच बोटापुढे जास्त आली तर तारेत अडके, कमी आली तर बोटाची कातडीच तारेला लागे. वीणेची एक जोडीही मोहाने उचलली. वीणेला तर्जनी आणि मध्यमा अशा दोन बोटांत नख्या लागतात आणि त्या आलटून-पालटून एकाच दिशेने छेडतात. माझ्या उलट्या 'रा'पुढे तिने लगेच मान टाकली.

मुलगा गिटार वाजवितो. त्याने आपली डबी दाखविली. प्रत्येक तुकड्यावर जाडी छापलेली : ०.४६, ०.७३, १.० मिलिमीटर. पातळ तुकडा तारेवर वाकतो आणि टिचकीसारखा वाजतो, जाड वाकत नाही, हे त्याने मला प्रयोगासह समजावले. पूर्वी असे तुकडे समुद्री कासवाच्या कवचाचे करीत. १९७३च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर त्या व्यापारावर बंधने आली. सरोदवाल्यांची करवंटी मात्र कोणाला खटकली नाही. आकड्यांची ती शिस्त पाहून, आयुष्य हिशेबतपासणीत गेलेल्या मला मुलाचा हेवा वाटला.

अखेर मल्लेश्वरममधल्या आमच्या शेजारच्या अम्मांकडे गेलो. त्यांनी साठ वर्षे वीणा वाजविली आहे. त्यांची हिंदी आणि माझी कन्नड सारख्याच तोलाची. सातही नख्या मी त्यांच्यापुढे ओळीने मांडल्या. त्यांनी एकीलाही हात लावला नाही. माझा उजवा हात ओढून घेतला आणि तर्जनीचे वरचे पेर चाचपले.

"सर, हे कधी सुजलं?"

मी पाहिले. सांध्यावर दोन्ही बाजूंना कठीण उंचवटे आले होते. सह्या करताना, कुलूप उघडताना रोज डोळ्यांसमोर असलेले हे बोट मी पाहिलेच नव्हते! डॉक्टरांनी नंतर सांगितले की सांध्याची झीज आहे, वयाची आहे, आणि ती मागे फिरणार नाही. सेवानिवृत्तीच्या कागदावर सही करतानाही मला इतके चोरट्यासारखे झाले नव्हते.

अम्मांनी आपली बोटे दाखविली. पूर्वी त्या स्वतःच्या नखांनीच वाजवीत. वयाबरोबर नखे चिरू लागली, तेव्हा तारेच्या नख्या घेतल्या. "पहिले सहा महिने वीणा दुसऱ्याच कोणाची वाटत होती," त्या म्हणाल्या, आणि कॉफी आणायला आत गेल्या.

मग मी मोठ्या मापाची, बारीक तारेची नखी काढली. वेढा पकडीने उघडून सांध्यापासून पुढे, नखाच्या मुळावर बसविला. चोच त्यामुळे लांबली, म्हणून तीही मागे वाकविली. आवाज पहिल्यासारखा गोल नाही. झाला मी सोडून दिला आहे. विलंबित आलाप मात्र अर्धा तास चालतो, आणि बोट बधिर होत नाही.

जुनी नखी मेजावर पडली होती. परवा मुलाने ती सहज बोटात घातली. ती चपखल बसली. त्याने ती उलटसुलट करून उजेडात धरली आणि विचारले, "बाबा, हिच्यावर आकडा कुठे आहे?"