खटका दाबताना

बजाजनगरात माझं मोटर आणि बॅटरी दुरुस्तीचं लहानसं वर्कशॉप आहे. वाळूजच्या कारखान्यांतल्या बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॉल्या आणि स्टॅकर वर्षभर येतात. पेरण्या झाल्या की त्यांच्या जोडीला पाठीवरचे फवारणी पंप येऊ लागतात. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला आणि वसाहतीला त्याचंच नाव लागलं. पण एमआयडीसीचं कुंपण संपलं की लगेच गंगापूर तालुक्यातली कपाशी लागते. त्यामुळे शेतकरी आणि शॉप फ्लोअरचा सुपरवायझर एकाच बाकावर बसलेले माझ्याकडे नेहमी दिसतात.

अलीकडे पंपांची एक तक्रार वारंवार येते. लासूरकडचे एक काका गेल्या हंगामात पंप टेबलावर ठेवून म्हणाले, "भाऊ, हा घरी बादलीत चालतो अन् कपाशीत गेला की मरतो. बटण बंद-चालू केलं की पुन्हा जित्ता. किती वेळा पाठीवरून उतरवू?" पंपात सोळा लिटर औषध असताना तो दर काही ओळींनी उतरवायचा म्हणजे काय, हे ज्याने फवारणी केली आहे त्यालाच कळेल. त्यांनी जुनी ॲसिड बॅटरी काढून लिथियमचा पॅक बसवला होता. कारणही रास्त होतं. 12 व्होल्ट 8 एएचची ॲसिड बॅटरी अडीच किलोच्या आसपास भरते, लिथियमचा पॅक त्याच्या निम्म्याहून हलका. दोन दुकानांत त्यांना सांगण्यात आलं होतं की पॅकच खराब आहे, नवा घ्या.

पॅक चांगला होता. मल्टिमीटर लावला तर चालू पंप 3 अँपिअर घेत होता, पॅकच्या बीएमएसची, म्हणजे पॅकला जपणाऱ्या सर्किटची, मर्यादा 10. मीटरवर सगळं ठीक दिसतं, कारण साध्या मीटरचे आकडे बदलेपर्यंत खरी गोष्ट घडून गेलेली असते. वायरीत करंट मोजायचा छोटा शंट घालून ऑसिलोस्कोपवर पाहिलं, तेव्हा मोटर सुटण्याच्या क्षणी करंट 17 अँपिअरपर्यंत चढलेला दिसला. बीएमएसने तो शॉर्ट सर्किटसारखा धरला आणि काही मिलिसेकंदांत पुरवठा तोडला. लोड काढेपर्यंत ती पुन्हा जोडत नाही, म्हणून बटण बंद-चालू करावं लागायचं.

असं का होतं, हे आयटीआयमध्येच शिकवतात. मोटर फिरू लागली की तीच जनरेटरसारखी उलटं व्होल्टेज उभं करते, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. या मोटरच्या वाइंडिंगचा आणि ब्रशचा रेझिस्टन्स मिळून 0.6 ओहम होता. फिरताना 12 पैकी दहा व्होल्टच्या वर बॅक ईएमएफच असतो, उरलेल्या 1.8 व्होल्टवर 3 अँपिअर वाहतात. पण थांबलेल्या मोटरला बॅक ईएमएफ नसतो. पूर्ण 12 व्होल्ट त्या 0.6 ओहमवर पडतात, म्हणजे हिशेबाने 20 अँपिअर. ॲसिड बॅटरीला एवढ्याने काही होत नव्हतं आणि तिच्यात तोडणारं कोणी नव्हतं, म्हणून इतकी वर्षं हा धक्का कुणाला दिसला नाही.

मग बादलीत का चालायचा? या पंपात प्रेशर स्विच असतो. हातातला खटका सोडला की पाइपात दाब वाढतो आणि स्विच मोटर बंद करतो. खटका दाबला की मोटर पुन्हा सुरू. बादलीत नळी मोकळी सोडलेली, मोटर एकदाच आणि बिनओझ्याची सुटते. कपाशीत माणूस झाडागणिक खटका दाबतो, सोडतो. दर वेळी मोटर शून्यातून उठते आणि पाइपात दाब शिल्लक असताना उठते, त्यामुळे वेग पकडायला तिला जास्त वेळ लागतो. भरल्या गाडीला जुंपलेल्या बैलाचा जोर चाक हलेपर्यंतच जास्त लागतो, तसं. एका फवारणीत असे शेकडो प्रारंभ होतात.

मोठ्या बीएमएसने पंप चालला असता. पण सेल, ब्रश आणि स्विचचे काँटॅक्ट तोच मार खात राहिले असते. मला तो उपाय पटत नाही. एनटीसी थर्मिस्टरही लोक सुचवतात. तो थंड असताना करंट अडवतो, पण एकदा तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो, आणि पुढचा खटका लगेच दाबला तर त्याचा उपयोग उरत नाही.

खरा उपाय पीडब्ल्यूएमचा. मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला हजारो वेळा उघड-बंद करून मोटरला सुरुवातीला थोडं व्होल्टेज द्यायचं आणि शंटवरून करंट मोजत 8 अँपिअरच्या वर जाऊ द्यायचं नाही. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी: थांबलेल्या मोटरमधून 8 अँपिअर जायला 4.8 व्होल्ट पुरतात, म्हणजे मॉस्फेट 40 टक्के वेळच चालू. मोटरला जोर 8 अँपिअरचा मिळतो, पण बॅटरीतून सरासरी 3.2 अँपिअरच निघतात. मधल्या वेळात मोटरचा करंट तिच्या टोकांवरच्या डायोडमधून फिरत राहतो. सिरीजमध्ये रेझिस्टर घातला असता तर बॅटरीलाही पूर्ण 8 अँपिअर द्यावे लागले असते आणि बाकीची वीज उष्णतेत गेली असती. आयटीआयतला थ्री-पॉइंट स्टार्टर हेच रेझिस्टरने करायचा, हँडल एकेका स्टडवर सावकाश सरकवत.

वेग कमी-जास्त करायचं रेग्युलेटर बोर्ड काकांच्या पंपात होतं. पण प्रेशर स्विच त्याच्या पुढे, मोटरच्या वायरीत होता. खटका दाबेपर्यंत बोर्ड आधीच पूर्ण व्होल्टेज देऊन बसलेलं. म्हणून नवं बोर्ड बसवताना प्रेशर स्विच मोटरच्या वायरीतून काढून बोर्डाच्या सिग्नलला जोडला. आता प्रत्येक खटक्याला मोटर शून्यापासून हळू चढते, साधारण पाव सेकंदात पूर्ण वेगावर. स्विचमधून जेमतेम काही मिलिअँपिअर जातात, त्यामुळे त्याचे काँटॅक्ट जळायचंही थांबलं. काकांनी त्याच पॅकवर कपाशीच्या पुढच्या फवारण्या केल्या.

मर्यादा किती ठेवायची, यावर मी आजही प्रत्येक पंपाला वेळ देतो. फार खाली ठेवली तर दाबाखाली पंप उठतच नाही आणि मोटर जागच्या जागी 5-6 अँपिअर खात तापते. बीएमएसला त्यात वावगं काही दिसत नाही. डायफ्रॅममध्ये औषधाचा गाळ बसून पंप अडकला तरी हेच होतं. म्हणून बोर्डात एक वेळ ठरवून देतो: दोन सेकंद करंट मर्यादेलाच टेकून राहिला तर मॉस्फेट बंद, आणि खटका सोडून पुन्हा दाबल्याशिवाय चालू नाही.